गणपती किती लिटरचा?

लिटर या विषयावर माझा थोडाफार अधिकार आहे, हे आधीच सांगून टाकतो. वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कंपनीत मी डिस्पॅचला आहे. एक लिटर, चार लिटर, दहा लिटर, वीस लिटर असे डबे ट्रकमध्ये चढवून घेण्यात माझं तारुण्य गेलं. त्यामुळे आमच्या सान्वीला पाचवीच्या चाचणीत नेमका 'धारकता' या धड्यात भोपळा मिळाला, तेव्हा तो मला माझाच अपमान वाटला. प्रश्न साधा होता. चहाच्या कपात अंदाजे किती पाणी मावेल? सान्वीने लिहिलं होतं, दोन लिटर. बाईंनी शेजारी लाल पेनने प्रश्नचिन्ह काढलं होतं, आणि तेही पालकांना उद्देशून काढल्यासारखं मोठं होतं.

संचिता, म्हणजे माझी बायको, उत्तरपत्रिकेवर सही करता करता म्हणाली की आता तूच शिकव, तुझंच खातं आहे ते. ती हे खोचून म्हणाली, पण मी ते मनावर घेतलं. माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे मी गोष्टी मनावर घेतल्यामुळेच झाले आहेत.

पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. माझी पद्धत अशी होती की आधी भांडं नुसतं बघायचं, अंदाज सांगायचा, मग लिटरच्या बाटलीने पाणी ओतून ताळा करायचा. सान्वीने तांब्याला दहा लिटर सांगितले आणि बादलीला तीन. पण दुपारपर्यंत तिला मजा यायला लागली. संध्याकाळी ती फ्लॉवरपॉटपासून माझ्या गमबुटापर्यंत दिसेल ते भरून बघत होती. एका गमबुटात साडेतीन लिटर पाणी मावतं, ही माहिती मला नको असताना मिळाली.

त्याच्या पुढच्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या कुंडलिकचा मुलगा प्रेम आला. प्रेम आला म्हणून बाकीची पोरं आली. प्रत्येकाने घरून एक-एक भांडं आणायचं असं मी सांगितलं होतं. त्यांनी ते फारच प्रामाणिकपणे पाळलं आणि आमच्या हॉलमध्ये भांड्यांच्या दुकानासारखी मांडामांड झाली. मोजमाप उत्तम झालं. परत नेताना मात्र कुणाचं काय हे कुणालाच आठवेना. मी वडीलधाऱ्याच्या भूमिकेतून अंदाजाने वाटप केलं. त्यानंतर चार-पाच दिवस आमच्या इमारतीत प्रत्येक घरी दुसऱ्याच्या पातेल्यात दूध तापत होतं. सोसायटीच्या ग्रुपवर पातेल्यांचे फोटो हरवलेल्या माणसांसारखे फिरत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या विनिताताईंनी तर लिहिलं की माझं पातेलं बुडाला जळलेलं नव्हतं, ज्यांचं हे असेल त्यांनी ओळख पटवून न्यावं. अर्थातच कुणी ओळख पटवली नाही.

ते पातेलं आमचं होतं. पण मुद्दा तो नाही.

मुद्दा असा की भांडी परत करायला दारोदार फिरताना मी चौथ्या मजल्यावर रखमाबाईंकडे पोचलो. रखमाबाई म्हणजे आमचे सेक्रेटरी गुणाजीकाका, त्यांच्या आई. वय ऐंशीच्या पुढे, डोकं एकदम लख्ख, फक्त गुडघ्यांनी संप पुकारलेला. गणपती तोंडावर आले होते, म्हणून मी सहज विचारलं की आजी, तयारी कुठवर आली. त्या म्हणाल्या, तयारीचं काय, ती होते. मग हातातला माझा कुकर बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "तुमचा गणपती जाताना तू बघतोस ना रे सुशांत?"

मी म्हटलं, बघतो की.

"मला चार वर्षं दिसला नाही. शेवटची खाडीवर गेलेले तेव्हा गर्दीत घाटावरच्या पोरांनी मूर्ती गुणाजीच्या हातातून घेतली आणि पुढे पुढे दिली. मला दिसली ती एका माणसाची पाठ. आता मी लिफ्टच्या दारातून निरोप देते आणि गुणाजी येऊन सांगतो, आई, झालं. झालं म्हणजे काय? माणसाला एसटीवर सोडायला गेलं तर गाडी हलेपर्यंत थांबतो आपण."

त्या हे रडत वगैरे म्हणाल्या नाहीत. वीज गेल्याची तक्रार सांगावी तसं म्हणाल्या. पण मी तीन जिने उतरलो तरी ती एसटी माझ्या डोक्यातून हलली नाही. डोक्यात काही अडकलं की मी मीटिंगमध्ये बोलतो, ही माझी जुनी सवय आहे.

त्या शनिवारच्या मीटिंगमध्ये मी उठून सुचवलं की यंदा विसर्जन इमारतीतच करू. आपल्या इमारतीत सगळे पाच दिवसांचे गणपती, सगळे शाडूचे. गच्चीवर जुनी पाण्याची टाकी पडलेली आहे, ती अर्ध्यावर कापून घेऊ. लिफ्टसमोर पार्किंगमध्ये ठेवली की रखमाआजी चार पावलांत येतील.

सगळ्यांना कल्पना आवडली. गुणाजीकाका मात्र खुर्चीत आखडले. लिफ्टसमोर म्हणजे लिफ्टच्या खड्ड्याला लागून, आणि त्या खड्ड्यात मागच्या पावसाळ्यात पाणी शिरल्यामुळे लिफ्ट पंधरा दिवस बंद होती. ते पंधरा दिवस त्यांची आई चौथ्या मजल्यावर अडकून पडलेली. औषधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना वर चढवावं लागलं होतं. टाकी भरलेली, त्यात नऊ गणपती बुडवणार, पाणी बाहेर येणार नाही तर काय होईल, असं त्यांनी विचारलं. प्रश्न अगदी बिनतोड होता.

"थेंबभर पाणी बाहेर येणार नाही," मी म्हणालो. "मुलं धारकता शिकलेली आहेत. आम्ही हिशेब करून देतो."

पहिलं वाक्य म्हणून थांबलो असतो तर बरं झालं असतं.

हिशेब तसा सोपा होता. टाकीत किती लिटर मावतात ते बघायचं, त्यातून नऊ गणपतींची जागा वजा करायची, उरलेलं पाणी भरायचं. गणपती आत गेले की पाणी चढेल आणि काठाच्या आत थांबेल. टाकी पोरांनी बादल्यांनी भरून मोजली. मग मी फळ्यासमोर उभं राहून समजावलं की वेड्यावाकड्या आकाराच्या वस्तूचं घनफळ काढायचं असेल तर ती भरलेल्या भांड्यात बुडवायची आणि सांडलेलं पाणी मोजायचं.

प्रेमने हात वर केला. "काका, पण बाप्पाला आधीच बुडवून कसं बघणार?"

मी खडू खाली ठेवला. एवढी वर्षं लिटरमध्ये काढली, पण हा प्रश्न माझ्यापुढे कधी आला नव्हता.

इथून सल्ल्यांना सुरुवात झाली. शहाडच्या ज्या कारखान्यात आम्ही सगळे पाट नेऊन देतो, तिथल्या मूर्तिकाराला फोन केला. तो म्हणाला, साहेब, गणपती फुटात असतो, लिटरात नसतो, आणि त्याने फोन ठेवला, कारण हंगामाचे दिवस होते. विनिताताईंनी सुचवलं की मूर्ती मोठ्या पिंपात ठेवायची आणि वरून तांदूळ ओतून मोजायचे. गुणाजीकाकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढे त्यांनी तांदूळ हा शब्दच काढला नाही. कुणी म्हणालं, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची करा. त्यावर सान्वीने विचारलं की मग सोंडेच्या आजूबाजूची हवा पण बाप्पातच धरायची का. हे ऐकून मला बापाचा अभिमान आणि शिक्षकाची पंचाईत अशा दोन्ही गोष्टी एकदम झाल्या.

शेवटी कुंडलिकने तोड काढली. कुंडलिक रेल्वेत इलेक्ट्रिकलला आहे, त्याच्या घरी गणपती नसतो, आणि कदाचित म्हणूनच तो या प्रकाराकडे थंड डोक्याने बघू शकत होता. तो म्हणाला की मूर्तीचं वजन तर करता येईल. पाण्याचं एक लिटर म्हणजे एक किलो, हे पोरांनाही माहीत आहे. वजनावरून लिटर काढा. फक्त त्याआधी एखादी वजनदार वस्तू टाकीत बुडवून ताळा करून घ्या.

मी विचारलं, कुठली वस्तू.  सगळे माझ्या पोटाकडे बघत होते.

गच्चीवर टाकी काठोकाठ भरून मी हाफपँट घालून तीत मांडी घालून बसलो, त्या सकाळचं सविस्तर वर्णन मी करणार नाही. पाणी भसकन सांडलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, इथवर प्रयोग शास्त्रशुद्ध होता. नंतर मला उठायचं होतं. मांडी आत घालताना जी जागा होती ती मांडी सोडवताना राहिली नव्हती. मी डावीकडून प्रयत्न केला, उजवीकडून केला. समोरच्या टॉवरच्या बाल्कन्यांमध्ये हळूहळू माणसं जमली. एका बाईने कुणाला तरी आतून हाक मारून बोलावलं. शेवटी कुंडलिकने एका काखेत आणि गुणाजीकाकांनी दुसऱ्या काखेत हात घालून मला बाहेर काढलं, तेव्हा तिकडून शिट्टीही आली. माझ्या खाजगी मानसन्मानाचं जे काही शिल्लक होतं ते त्या गच्चीवरच राहिलं असावं.

पण आकडे जुळले. मी बुडालो तेवढ्या भागाचं पाणी आणि बाहेर राहिलेलं डोकं-छाती अंदाजाने धरून हिशेब माझ्या वजनाच्या अगदी जवळ आला. किलो म्हणजे लिटर. पोरांनी ते फळ्यावर लिहून त्याभोवती चौकट काढली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही गेटपाशी वजनकाटा घेऊन बसलो. जो कुणी मूर्ती घेऊन येईल त्याने आधी मूर्तीसकट काट्यावर उभं राहायचं, मग मूर्ती घरी ठेवून आल्यावर नुसतं उभं राहायचं. वजाबाकी केली की बाप्पाचं वजन मिळणार. आता यात एक सामाजिक अडचण आहे, ती माझ्या लक्षात आली नव्हती. डोक्यावर टोपी, हातात झाकलेली मूर्ती, मागे झांजा वाजवणारी पोरं, आणि समोर सान्वी म्हणते, काका, चप्पल काढा. पुरुषमंडळी कशीबशी तयार झाली. विनिताताई म्हणाल्या की माझं वजन माझ्या आणि बाप्पाच्या मध्ये राहू दे. बरीच मनधरणी झाल्यावर त्यांनी काट्यावर पाऊल ठेवलं, पण आकडा फक्त सान्वीने बघायचा आणि मनात ठेवायचा अशी अट घातली. सान्वीने तो मनात ठेवला. नंतर वजाबाकी मात्र तिने मोठ्याने केली. विनिताताईंनी त्या क्षणापासून आमच्याशी बोलणं टाकलं.

एवढं सगळं करून पाचव्या दिवशी दुपारी टाकी लिफ्टसमोर मांडली. आत निळा प्लास्टिकचा कागद, बाहेरून झेंडूच्या माळा. पोरांनी हिशेबाप्रमाणे मोजून पाणी भरलं आणि काठाच्या खाली प्रत्येक घराची एक-एक खडूची रेघ ओढली. अमक्यांचा बाप्पा गेला की पाणी इथपर्यंत, तमक्यांचा गेला की इथपर्यंत, आणि शेवटची रेघ रखमाआजींच्या बाप्पाची, काठापासून दोन बोटं खाली. मला ते चित्र फार सुंदर वाटलं. मी त्याचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवरही टाकला.

संध्याकाळी आरती झाली आणि रखमाबाई नऊवारी नेसून लिफ्टमधून खाली आल्या. गुणाजीकाकांनी त्यांच्यासाठी टाकीजवळ खुर्ची ठेवली होती, पण त्या बसल्या नाहीत, खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. बाकी सगळ्यांचे जाऊ देत, मग आपला, असं त्यांनीच ठरवलं होतं.

पहिला गणपती गेला. पाणी रेघेपर्यंत आलं नाही. थोडं खालीच थांबलं. दुसरा गेला, पाणी आणखी मागे राहिलं. चौथ्या गणपतीनंतर प्रेम माझ्याकडे बघायला लागला, तेव्हा मी हळूच सांगितलं की शाडू पाणी पितो. पाचव्यानंतर कुंडलिकही बघायला लागला. मी त्याला मूर्ती भिजण्याविषयी काहीतरी बोललो. रेघा वर आणि पाणी खाली, असं ते अंतर वाढत चाललं होतं.  पण बाकीच्या मूर्ती लहान होत्या, त्या एकेक करून नीट पाण्याखाली गेल्या आणि कुणाला फारसं कळलं नाही.

मग रखमाबाईंचा गणपती आला. गुणाजीकाकांकडे परंपरेने उंच सिंहासनावरची मूर्ती असते. आम्ही लिटर मोजले होते, किलो मोजले होते, उंचीचा विचार कुणी केलाच नव्हता. पाणी ठरल्याएवढं चढलं असतं तर विचार करायची गरजही पडली नसती. गुणाजीकाकांनी दोन्ही हातांनी मूर्ती अलगद तळाशी टेकवली, तीनदा वर-खाली केली, आणि हात काढून घेतले.

पाणी बाप्पाच्या भुवयांपर्यंत येऊन थांबलं. कपाळ, गंध आणि मुकुट वर होता.

सगळ्यांचा जयजयकार मध्येच विरला. झांजा थांबल्या. रखमाबाई बघत होत्या. आधी टाकीकडे, मग माझ्याकडे. त्या नजरेत राग असता तर मला चाललं असतं. मला वाटलं, ही बाई चार वर्षं थांबली आणि मी तिला हे दाखवलं. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला अगदी मनापासून वाटलं. पण आमच्या पार्किंगची फरशी नुकतीच नवीन घातली होती.

सान्वीने माझा सदरा ओढला. "बाबा, तुझ्या ऑफिसचा वीस लिटरचा डबा वीस किलोचा असतो?"

"नाही गं. तीसच्या आसपास असतो. रंग जड असतो पाण्यापेक्षा." हे मी सवयीने बोलून गेलो.

"मग माती?"

मातीही पाण्यापेक्षा कितीतरी जड. हजारो डबे चढवले, कंबर धरून घरी आलो, रोज घरात त्या वजनाच्या नावाने शंख केला. आणि गणपतीला मात्र मी पाण्याचा समजून मोकळा झालो होतो. टाकीत मी बसलो तेव्हा किलो आणि लिटर जुळले, ते मी बसलो म्हणून जुळले; माणूस जवळपास पाण्याइतकाच जड असतो.

"म्हणजे बाप्पांना जागा कमी लागली आणि आपण जास्त सोडली," सान्वी म्हणाली. ती टाकीपाशी गेली, डोळे बारीक करून पाण्याकडे आणि काठाकडे पाहत राहिली. पाहून मगच बोलायचं, हे मीच शिकवलं होतं. "अजून पस्तीस लिटर मावतील. तेवढ्यात बाप्पा बुडेल."

गुणाजीकाका लगेच लिफ्टच्या दारासमोर येऊन उभे राहिले, जसं काही पाणी त्यांनाच ढकलून आत जाणार होतं. "अजिबात नाही. आधीचा हिशेब चुकला, आता हा कशावरून बरोबर? खड्ड्यात पाणी गेलं तर आईला वर कसं नेऊ मी? उचलून?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. मी मान खाली घातली. सान्वीने मात्र घातली नाही.

रखमाबाई म्हणाल्या, "गुणाजी, तो असा अर्धवट बसलाय. मी वर जाऊन काय करू?"

 मग गुणाजीकाका खाली उकिडवे बसले, खांद्यावरचा पंचा टाकीच्या बुडाशी पसरला, एक डोळा काठावर ठेवला आणि सान्वीला म्हणाले, "ओत. पण माझ्या हातावर थेंब आला की बंद."

पोरांनी रांग लावली. पार्किंगच्या नळापासून टाकीपर्यंत लिटरच्या बाटल्या हातोहात येऊ लागल्या. ओतायला सान्वी, धार अशी बारीक की आवाजही नाही. कुणी मोठ्याने मोजत नव्हतं, कुणी सल्ला देत नव्हतं. आमच्या सोसायटीत सगळे एकत्र उभे असताना कुणीच सल्ला देत नाही, असा तो मला आठवणारा एकमेव प्रसंग. गंध गेलं. कपाळ गेलं. मुकुट उरला. पाणी काठाकडे सरकत होतं आणि गुणाजीकाकांचा श्वास आम्हाला ऐकू येत होता. मुकुटाचं टोक तेवढं बाहेर राहिलं तेव्हा सान्वी थांबली, पाणी स्थिर होऊ दिलं, आणि बाटली रखमाबाईंच्या हातात दिली.

 त्यांनी खुर्ची सोडली, संचिताने मागून त्यांना धरलं. त्यांनी एका बाजूने हळू पाणी सोडलं. टोकाभोवती पाण्याचं एक लहानसं वर्तुळ झालं, ते आक्रसत गेलं आणि मिटलं. आतून दोन-चार बुडबुडे आले.

"गेला," रखमाबाई म्हणाल्या. "मी बघितला."

मग त्यांनी एवढा वेळ आवरलेलं सगळं रडून घेतलं आणि आम्ही पुढच्या वर्षी लवकर या म्हणून गळे फाटेपर्यंत ओरडून घेतलं. विनिताताईंनी सान्वीचा मुका घेतला, म्हणजे तो विषय मिटला असं मी धरून चाललो. माझ्या छातीवरून वीस लिटरचा, म्हणजे तीस किलोचा, डबा उतरल्यासारखं झालं. कुणी बघत नाही असं पाहून मी मागच्या स्कूटरवर बसकण मारली.

गुणाजीकाकांनी मोबाईलचा टॉर्च लावून लिफ्टच्या फटीतून खड्ड्यात बराच वेळ पाहिलं. मग पंचा उचलून त्यावर हात फिरवला, आणि एवढा कडक माणूस, तो कोरडा पंचा डोळ्यांना लावून तिथेच फरशीवर बसला. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "आई, वर जायचं ना आता?"

रखमाबाई तोवर खुर्चीवर टेकल्या होत्या. त्यांची नजर पाण्यावर होती, जिथे माती हळूहळू सुटायला लागली होती.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "इथे आपल्याला मागून ढकलणारं कुणी नाही."

मग कुणीच वर गेलं नाही. घराघरातून खुर्च्या खाली आल्या, संचिताने वाटली डाळ आणली, आणि आम्ही सगळे त्या टाकीभोवती बराच वेळ नुसते बसून राहिलो.